जुलमी सत्ता आणि नागरिकाची बंदूक

अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती 15 डिसेंबर 1791 रोजी लागू झाली. मूळ इंग्रजीत ती अवघ्या 27 शब्दांची आहे. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुसज्ज नागरिकदल आवश्यक असल्यामुळे शस्त्रे बाळगण्याच्या व वापरण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा आणली जाणार नाही, असा तिचा आशय आहे. या एका वाक्यावरून अमेरिकेत दोनशेहून अधिक वर्षे वाद चालू आहे. हा हक्क शिकारीसाठी किंवा चोर-दरोडेखोरांपासून बचावासाठी नसून, सरकारच जुलमी झाले तर जनतेला त्याच्याशी लढता यावे यासाठी आहे, असे मानणाऱ्यांची संख्या तेथे मोठी आहे. लोकशाहीत सरकार मतपेटीने बदलायचे असते, बंदुकीने सरकार बदलण्याचा हक्क कोणतीही घटना देऊ शकत नाही, असे विरोधकांचे म्हणणे. दोन्ही बाजू इतिहासाचा हवाला देतात. पण हा इतिहास घोषणांमध्ये मावतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे.

त्याची मुळे इंग्लंडमध्ये आहेत. कॅथलिक राजा दुसरा जेम्स याने प्रॉटेस्टंट प्रजेची शस्त्रे काढून घेतली आणि शांततेच्या काळातही खडी फौज बाळगली, ही त्याच्याविरुद्धची एक मोठी तक्रार होती. त्याला गादी सोडावी लागल्यावर 1689 मध्ये संमत झालेल्या हक्कांच्या कायद्यात प्रॉटेस्टंटांना आपल्या दर्जानुसार व कायद्याने परवानगी दिलेल्या मर्यादेत स्वसंरक्षणासाठी शस्त्रे बाळगता येतील, असे कलम घालण्यात आले. हा हक्क सर्वांना नव्हता आणि तो कायद्याच्या चौकटीतला होता. पण राजाच्या पगारी फौजेला तोल म्हणून प्रजेच्या हाती शस्त्र असावे, ही कल्पना त्यातून रुजली आणि वसाहतींत जाऊन वसलेल्या इंग्रजांनी ती सोबत नेली.

तेथे तिची कसोटी 1775 मध्ये लागली. मॅसॅच्युसेट्सचा लष्करी गव्हर्नर जनरल थॉमस गेज याला खबर मिळाली, की बोस्टनपासून साधारण 30 किलोमीटरवरच्या कॉन्कर्ड गावात वसाहतवाल्यांनी तोफा आणि दारूगोळा साठवला आहे. तो जप्त करण्यासाठी 18 एप्रिलच्या रात्री सुमारे 700 सैनिक निघाले. पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानावर कॅप्टन जॉन पार्करची सत्तरेक माणसे उभी होती. पहिली गोळी कोणी झाडली हे आजही ठरलेले नाही. आठ गावकरी मात्र तेथे पडले. सैनिक पुढे कॉन्कर्डला पोचले तेव्हा बराचसा साठा आधीच हलवलेला होता. हाती लागलेले तोफांचे लाकडी गाडे त्यांनी जाळले, शिशाच्या गोळ्या तळ्यात फेकल्या. पलीकडच्या टेकडीवर जमलेल्या लोकांनी तो धूर पाहिला आणि गावच पेटवले असे समजून ते नॉर्थ ब्रिजच्या दिशेने खाली उतरले. परतीच्या वाटेवर कुंपणांच्या आणि झाडांच्या आडून सैनिकांवर दिवसभर गोळीबार होत राहिला. त्या दिवशी ब्रिटिशांचे 73 लोक मारले गेले.

बंदुकीच्या हक्काचे समर्थक या दिवसाला आपला मूळ दाखला मानतात, आणि त्यात तथ्य आहे: सरकार शस्त्रे काढून घ्यायला आले आणि लोकांनी ती दिली नाहीत. तरी एक बाब सहसा सांगितली जात नाही. गेजला हवा होता तो वसाहतीच्या प्रांतिक काँग्रेसने जमवलेला सार्वजनिक साठा. घराघरांतल्या बंदुका घ्यायला तो आला नव्हता. त्याच्याशी लढलेल्या तुकड्यांना नेमलेले अधिकारी होते, कवायतीचे दिवस ठरलेले होते आणि त्यांच्यामागे गावसभा व प्रांतिक संस्था उभ्या होत्या. पुढचे युद्धही केवळ घरच्या बंदुकांवर जिंकले गेले नाही. सुरुवातीच्या वर्षांत लागलेल्या बंदुकीच्या दारूचा बहुतेक पुरवठा परदेशातून आला आणि 1781 च्या यॉर्कटाउनच्या निर्णायक लढाईत फ्रान्सचे आरमार नसते, तर ब्रिटिश सैन्याचा समुद्रमार्ग बंदच झाला नसता. नागरिकदलाच्या बेभरवशाच्या वागण्याबद्दल खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन वारंवार तक्रार करत असे.

नवी घटना 1787 मध्ये तयार झाली तेव्हा अनेकांना भीती वाटली, की लंडनचा राजा गेला आणि त्याच्या जागी आपलेच केंद्र सरकार फौज घेऊन बसणार. जेम्स मॅडिसनने जानेवारी 1788 मध्ये ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील 46 व्या लेखात या भीतीला आकड्यांनी उत्तर दिले. देशाची लोकसंख्या पाहता केंद्राला फार तर 25 ते 30 हजारांची फौज पोसता येईल. तिच्यासमोर जवळपास पाच लाखांचे नागरिकदल उभे राहील. जुलमी सत्तेला आळा घालणारी बंदूक हा आजचा युक्तिवाद याच लेखातून उचललेला आहे. मात्र मॅडिसनचे पाच लाख लोक एकेकटे नाहीत. त्यांचे अधिकारी त्यांच्यातूनच निवडलेले आहेत आणि त्यांना राज्य सरकारांनी एकत्र आणले आहे. त्याच्या चित्रात केंद्राला अडवणारी खरी शक्ती निवडून आलेली राज्य सरकारे आहेत, शस्त्र हे त्यांच्या हातातले साधन. पुढे 1792 च्या कायद्याने 18 ते 45 वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुष नागरिकाने स्वतःची बंदूक, काडतुसे आणि पिशवी घेऊन नागरिकदलात नाव नोंदवणे बंधनकारक केले. म्हणजे ज्या पिढीने हा हक्क लिहिला, तिच्या लेखी तो कर्तव्याला बांधलेला होता.

सरकारविरुद्ध प्रत्यक्ष बंदूक उचलली गेली तेव्हा त्या पिढीने काय केले, हेही पाहायला हवे. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले कर्जबाजारी शेतकरी 1786 मध्ये उठले. त्यांतले बरेच जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते आणि त्यांचा पुढारी डॅनियल शेज हा त्याच सैन्यातला माजी कॅप्टन होता. जमिनी जप्त करणारी न्यायालये त्यांनी बंद पाडली आणि जानेवारी 1787 मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. राज्याच्या नागरिकदलाने त्यांच्यावर तोफ डागली, चार जण मेले आणि बंड मोडले. या उठावाच्या धसक्यानेच मजबूत केंद्राची मागणी बळावली. पॅरिसमध्ये राजदूत असलेल्या थॉमस जेफरसनला मात्र या बंडाचे फारसे वाईट वाटले नाही. स्वातंत्र्याच्या झाडाला अधूनमधून देशभक्तांचे आणि जुलमी सत्ताधाऱ्यांचे रक्त लागते, अशा अर्थाचे वाक्य त्याने एका पत्रात लिहून ठेवले. घटना आणि दुसरी दुरुस्ती दोन्ही लागू झाल्यावर 1794 मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध हत्यारे उचलली. कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याचे घर त्यांनी जाळले. त्यांच्यावर सुमारे 13 हजारांचे नागरिकदल घेऊन काही अंतर स्वतः राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन गेला. त्या शेतकऱ्यांना दुसरी दुरुस्ती आठवून सोडून द्यावे, असे सरकारात कोणालाही वाटले नाही. बंड शमवण्यासाठी नागरिकदल बोलावण्याचा अधिकार घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात काँग्रेसला दिलेला आहे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हा घटनेनुसार देशद्रोह आहे.

या वादातला सर्वांत अवघड प्रश्न येथेच उभा राहतो: सरकार जुलमी झाले हे ठरवायचे कोणी? बंडखोर शेतकऱ्यांच्या लेखी कर वसूल करणारा जुलमी होता, वॉशिंग्टनच्या लेखी तेच कायद्याचे राज्य होते. या प्रश्नाचे सर्वांत वेदनादायक उत्तर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इतिहासात सापडते. जुलूम या शब्दाला पूर्णपणे पात्र ठरेल अशी अमेरिकेतली एकच व्यवस्था शोधायची तर ती गुलामगिरी. त्या व्यवस्थेत बंदूक मालकाच्या आणि रात्रीच्या गस्तीच्या हातात होती, गुलामाला ती बाळगणे गुन्हा होता. ड्रेड स्कॉट खटल्यात 1857 साली सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक मानायला नकार देताना एक कारण असे दिले, की तसे मानले तर त्यांना कुठेही शस्त्र बाळगत हिंडता येईल.

गुलामगिरी संपल्यावरही दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्यांच्या बंदुका काढून घेणारे कायदे केले. लुइझियानातल्या कोलफॅक्स येथे 13 एप्रिल 1873 रोजी, ईस्टरच्या रविवारी, वादग्रस्त निवडणुकीनंतर न्यायालयाची इमारत राखत बसलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तोफेसह हल्ला केला. इमारत पेटवली, शरण आलेल्यांनाही मारले. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात. हल्लेखोरांवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1876 च्या क्रुइकशँक निकालाने ते सुटले: दुसरी दुरुस्ती फक्त केंद्राला बांधते, खासगी माणसांनी कोणाला निःशस्त्र केले तर केंद्राला त्यात पडता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात 1898 मध्ये याहून पुढचे घडले. गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी कृष्णवर्णीयांचा सहभाग असलेले निवडून आलेले नगर सरकार बंदुकीच्या धाकाने खाली खेचले आणि अनेकांना ठार केले. सरकार उलथवणारी नागरिकांची बंदूक अमेरिकेत खरोखर यशस्वी झाली ती बहुतेक वेळा अशी, दुबळ्यांच्या विरुद्ध.

याच इतिहासातून समर्थकांचा सर्वांत सबळ दाखलाही निघतो, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोलिसच गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या कू क्लक्स क्लान या संघटनेला सामील असतील तेव्हा माणसाने कोणाकडे धाव घ्यावी? लुइझियानातल्या जोन्सबरो गावात 1964 मध्ये कृष्णवर्णीयांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ ही संघटना उभारली आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना बंदुकांचा पहारा दिला. कॅलिफोर्नियात मे 1967 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे लोक उघड्या बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात शिरले. त्यांची पोलिसांवरची सशस्त्र नजर थांबवण्यासाठी आधीच मांडलेले विधेयक मग झपाट्याने मंजूर झाले आणि सार्वजनिक ठिकाणी भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या त्या कायद्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. पुढे हेच रेगन बंदूकधारकांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले.

टेनेसी राज्यातल्या अथेन्स या छोट्या शहरात 1946 साली जे घडले, ते समर्थकांच्या तोंडी नेहमी असते. मॅकमिन काउंटीचा कारभार वर्षानुवर्षे एका राजकीय टोळीच्या हाती होता. शेरीफच्या लोकांना अटकेमागे पैसे मिळत, म्हणून वाटसरूंनाही धरले जाई आणि निवडणुकीत मते मोजली जात ती टोळीला हवी तशी. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी स्वतःचे उमेदवार उभे केले. मतदानाच्या दिवशी, 1 ऑगस्टला, एका वयस्कर कृष्णवर्णीय शेतकऱ्याला मत टाकू दिले नाही आणि शेरीफच्या माणसाने त्याच्या पाठीत गोळी घातली. संध्याकाळी मतपेट्या उचलून तुरुंगात नेल्या आणि दारे आतून लावून घेतली. तेव्हा माजी सैनिकांनी शस्त्रागारातून रायफली काढल्या आणि अंधार पडल्यावर तुरुंगाला वेढा घातला. काही तास गोळीबार चालला. अखेर सुरुंगाच्या कांड्या फेकल्यावर आतले लोक पहाटे शरण आले. मते उघड्यावर मोजली गेली, सैनिकांचा उमेदवार शेरीफ झाला आणि एकाही माणसाचा जीव गेला नाही.

ही गोष्ट खरी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीही आहे. पण तिच्या मर्यादाही तिच्यातच आहेत. लढा एका काउंटीपुरता होता, मागणी फक्त मते मोजण्याची होती, लढणारे युद्धात मुरलेले आणि एकमेकांना ओळखणारे होते, राज्याने किंवा केंद्राने त्यांच्यावर फौज पाठवली नाही. कामी आलेल्या बऱ्याच बंदुकाही घरच्या नव्हत्या. देशाच्या सरकारविरुद्ध असा लढा जिंकता येईल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आजच्या वादाला धार आली ती 1970 नंतर. नॅशनल रायफल असोसिएशन 1871 मध्ये नेमबाजीचा दर्जा सुधारण्यासाठी स्थापन झाली होती. सिनसिनाटीतल्या 1977 च्या वार्षिक सभेत जहाल सदस्यांनी जुन्या नेतृत्वाला हटवले आणि संघटनेचे मुख्य काम बंदूकविरोधी कायद्यांशी लढणे हे झाले. आयडाहोतल्या रूबी रिज येथे 1992 मध्ये आणि टेक्ससमधल्या वेको येथे 1993 मध्ये शस्त्रांच्या कायद्यावरून केंद्रीय यंत्रणांनी घातलेले वेढे रक्तपातात संपले. वेकोत 51 दिवसांच्या वेढ्यानंतर 19 एप्रिलला तेथल्या एका धार्मिक पंथाच्या वसाहतीला आग लागली आणि मुलांसह सत्तराहून अधिक माणसे गेली. सरकारची ती गंभीर चूक होती, हे पुढे अनेकांनी मान्य केले. बरोबर दोन वर्षांनी, 19 एप्रिल 1995 रोजी, टिमथी मॅकव्हे या माजी सैनिकाने ओक्लाहोमा सिटीतली केंद्र सरकारची इमारत ट्रकमधल्या स्फोटकांनी उडवली. 168 माणसे मेली. त्यांत इमारतीतल्या पाळणाघरातली लहान मुलेही होती. पकडला गेला तेव्हा मॅकव्हेच्या अंगातल्या टी-शर्टवर जेफरसनचे तेच स्वातंत्र्याच्या झाडाचे वाक्य छापलेले होते. जुलूम कोणता हे प्रत्येकाने आपापले ठरवायचे म्हटले, तर त्याचा शेवट कुठे होऊ शकतो हे त्या ढिगाऱ्याने दाखवले.

न्यायालयांनी या युक्तिवादाला अर्धीच जागा दिली आहे. सन 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की नागरिकदलाशी संबंध नसतानाही व्यक्तीला बंदूक बाळगण्याचा हक्क आहे. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलेल्या निकालपत्रात जुलमाला प्रतिकार हा नागरिकदलाच्या उपयोगांपैकी एक म्हणून येतो, पण हक्काचा गाभा स्वसंरक्षण, विशेषतः घरातले, असा धरला आहे. आधुनिक सैन्याच्या रणगाड्यांपुढे घरगुती बंदूक फारशी उपयोगाची नसेल, हेही त्यात मान्य केले आहे. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी विरोधी मतात ही दुरुस्ती नागरिकदलापुरतीच असल्याचे मांडले. पुढे 2022 च्या ब्रुएन निकालाने घराबाहेर बंदूक बाळगण्याचाही हक्क मान्य केला. सरकारविरुद्ध उठाव करण्याचा हक्क मात्र कोणत्याही निकालाने दिलेला नाही. खासगी लष्करी पथकांच्या संचलनावर राज्यांना बंदी घालता येते, हा 1886 च्या प्रेसर खटल्यातला निर्णयही लक्षात घ्यावा लागतो.

मग बंदूक खरोखर जुलूम रोखते का? समर्थक व्हिएतनाम आणि अफगाणिस्तानकडे बोट दाखवतात: हलक्या हत्यारांच्या लोकांनी महासत्तेला दमवले. पण दोन्हीकडे लढा परक्या फौजेशी होता, सीमेपलीकडे आश्रय होता आणि व्हिएतनामी लढवय्यांना तर दुसऱ्या महासत्तेची जड शस्त्रे मिळत होती. नाझी जर्मनीचे उदाहरण याहून जास्त वेळा दिले जाते. हिटलरच्या 1938 च्या कायद्याने बहुतेक जर्मनांसाठी बंदुकीचे नियम सैल केले; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूंना मात्र कोणतेही शस्त्र बाळगायला बंदी झाली. जुलमी सत्ता आधी बळी निवडते आणि मग त्यालाच निःशस्त्र करते, हे त्यातून नक्की दिसते. वॉर्साच्या ज्यू वस्तीतल्या तरुणांनी 1943 मध्ये मोजक्या पिस्तुलांनी आणि हातबनावटीच्या बाँबनी जर्मन सैन्याला जवळपास महिनाभर झुंजवले. त्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही, पण वस्ती वाचली नाही. आणि बाकीचा समाज गप्प किंवा सामील असताना अल्पसंख्याकांच्या घरातल्या बंदुकांनी राजवट थांबली असती, असे मानायला आधार नाही. सद्दामच्या इराकमध्ये घरोघरी बंदुका होत्या; त्याची सत्ता त्यांच्यामुळे गेली नाही. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी 1900 ते 2006 या काळातल्या 323 चळवळींचा अभ्यास करून दाखवले, की अहिंसक चळवळी निम्म्याहून अधिक वेळा यशस्वी झाल्या, सशस्त्र चळवळी साधारण चौथ्या हिश्श्याइतक्याच. कारण साधे आहे: निःशस्त्र मोर्चात म्हातारेकोतारे, बायामाणसे सगळे येऊ शकतात, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडायला सैनिकाचा हात कचरतो.

शिवाय या हक्काची किंमत रोजची आहे. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांच्या हाती 39 कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. एकट्या 2021 मध्ये तेथे 48 हजारांहून अधिक लोक बंदुकीने मेले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. भविष्यात कधी तरी येऊ शकणाऱ्या जुलमापासूनचा विमा म्हणून एवढे मृत्यू सोसायचे का, हा प्रश्न समर्थकांनी टाळता कामा नये.

भारतात हा वाद अनोळखी नाही. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत 1878 साली झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. हा अपमान सुरुवातीच्या काळापासून भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या ठरावांत खुपत राहिला. गांधीजींनी 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात या कायद्यावर कडक टीका केली होती. अमेरिकेतले बंदूक समर्थक ती आजही भरतीचा संदर्भ गाळून वापरतात. काँग्रेसच्या 1931 च्या कराची अधिवेशनात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आला. त्याच्या आधारे हरी विष्णू कामत यांनी डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परक्या राजवटीत ही मागणी समजण्याजोगी होती, पण कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार घेऊ लागला तर राज्यकारभार चालणे अशक्य होईल, असे त्यांचे म्हणणे होते. शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा, संकटकाळी राज्याने बोलावल्यावर शस्त्र धारण करण्याच्या नागरिकाच्या कर्तव्यावर त्यांनी भर दिला. अमेरिकेच्या 1792 च्या नागरिकदल कायद्याशी ही भूमिका आजच्या अमेरिकी घोषणांपेक्षा जास्त जवळची आहे. जुलमाचा अनुभव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकीच्या आणि जातीच्या हातून घेतला, त्यांच्या प्रतिनिधीला बंदूक शेवटी कोणाच्या हाती जाईल याचा अंदाज नव्हता, असे म्हणता येणार नाही. संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदाने नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला, आणि बंदुकीचा प्रश्न 1959 च्या शस्त्र कायद्याच्या परवान्यांवर सोपवला गेला.